चौतीस की छत्तीस

मला डोळे तपासायला पाठवलं तेव्हा मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचलीच, पण तिच्याखाली बारीक अक्षरात तक्ता छापणाऱ्याचा पत्ता होता तोही वाचून दाखवला. डॉक्टर हसले. मी हसले नाही. ज्यांनी मला तिथे धाडलं होतं त्यांना माझे डोळे बिघडलेले हवे होते, आणि माझे डोळे कुणाच्या सोयीने बिघडायला तयार नव्हते.

मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे. डहाणूच्या मच्छीमार घरातली पोर या नोकरीत कशी गेली हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की मी उत्तर देणं सोडून दिलंय. परीक्षा दिली, पास झाले, गेले. आईबरोबर बाजारात बसणाऱ्या बायकांना आजही वाटतं की मी धावपट्टीवर उभी राहून विमानांना झेंडे दाखवते, आणि उन्हात एवढा वेळ उभी राहूनही मी काळी कशी पडत नाही याचं त्यांना नवल वाटतं.

खरं काम असं की एका गार, मंद उजेडाच्या खोलीत पडद्यासमोर बसायचं. आकाशाचा एक तुकडा आपल्या ताब्यात असतो. त्यात शिरलेलं प्रत्येक विमान पडद्यावर एक ठिपका होऊन सरकतं आणि ठिपक्याला चिकटलेलं लेबल असतं, त्यावर विमानाचं नाव आणि त्याची उंची. वैमानिकांशी रेडिओवर बोलायचं, कुणाला वर चढवायचं, कुणाला खाली उतरवायचं, आणि दोन ठिपके कधी एका जागी, एका उंचीवर येऊ द्यायचे नाहीत. बस्स, एवढंच. माझ्या वाटणीचा तुकडा नेमका आमच्याच भागावरचा होता. खाली आई बोंबील वाळत घालत असायची आणि वरून जाणारी विमानं मी हाकत असायचे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तलासरीच्या डोंगरांवर दोन विमानं जवळ येत होती. एक उत्तरेकडून येऊन मुंबईला उतरणार होतं. दुसरं समुद्राकडून येऊन आडवं निघून जाणार होतं. उतरणारं छत्तीस हजार फुटांवर होतं, आडवं चौतीस हजारांवर. मधे दोन हजार फूट, म्हणजे काळजीचं कारणच नाही. पण आमच्या खोलीत नवी संगणक प्रणाली बसून थोडेच आठवडे झाले होते, आणि त्या प्रणालीने त्या घटकेला दोन्ही ठिपक्यांची नावं अदलाबदल केली. उंची ज्याची त्याला राहिली, नावं उलटी झाली. वरच्या विमानाला खालच्याचं नाव, खालच्याला वरच्याचं.

पडद्यावर मला दिसलं ते असं की उतरणारं विमान चौतीस हजारांवर आहे आणि त्याच्याखाली मोकळं आकाश आहे. मी त्याला नावाने हाक मारली आणि तीस हजारांवर उतरायला सांगितलं. त्याने होकार दिला. आणि मी ज्याला उतरायला सांगितलं त्या नावाचा ठिपका आपला जिथल्या तिथे; उतरायला लागला तो दुसराच, वरचा. तो खालच्याच्या डोक्यावर उतरत होता.

मी लेबलांकडे बघणं सोडलं आणि दोघांनाही तोंडी विचारलं, तुम्ही किती उंचीवर आहात ते सांगा. उतरणाऱ्याला पस्तीस हजारांवर थांबवलं. तो थांबला. दोन विमानं हजार फुटांचं अंतर राखून एकमेकांवरून गेली. नियमाने हजार फूट पुरतात, त्यामुळे कागदावर काही घडलंच नाही. दोन्हीकडची माणसं चहा पीत असतील, खिडकीतून डहाणूचा किनारा बघत असतील. थोड्या वेळाने लेबलं आपसूक सरळ झाली. जणू काही मीच मधे डुलकी काढली होती.

मी लेखी अहवाल दिला. लेबलं उलटी झाली, वेळ ही, विमानं ही, प्रणाली तपासा. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. हे आमचे वरिष्ठ, गोड बोलणारे. रागावले तरी आवाज चढत नाही, आणि तेच जास्त टोचतं. त्यांनी पडद्याचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. त्यात सगळी लेबलं जागच्या जागी. मी म्हटलं, रेकॉर्डिंग लावलं की हीच प्रणाली नोंदींवरून चित्र नव्याने मांडते, आणि मांडताना आपली चूक सुधारून घेते. चोरालाच पंचनामा करायला बसवलाय तुम्ही.

"हे बघा मॅडम," साहेब म्हणाले, "प्रणाली आता बाकीच्या केंद्रांतही बसणार आहे. सगळं ठरलंय. तुम्ही फक्त एवढं लिहा की क्षणभर दृष्टिभ्रम झाला. माणूस आहे, होतं असं. सोमवारपासून पुन्हा कामावर या."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तुमच्या तब्येतीची काळजी आम्हाला घ्यावी लागेल."

घेतली त्यांनी काळजी. डोळे तपासले, कान तपासले, एका बाईंनी तासभर माझ्याशी झोपेबद्दल आणि स्वप्नांबद्दल गप्पा मारल्या. काहीच सापडेना तेव्हा विश्रांतीसाठी महिन्याची रजा दिली. मी अर्ज केला नव्हता. सुंठीवाचून खोकला घालवायचा बेत होता त्यांचा. सोबत एक टाइप केलेला कागद दिला, त्यात दृष्टिभ्रमाचं वाक्य तयार होतं, खाली सहीची जागा रिकामी. कधीही सही करून पाठवा म्हणाले.

तो कागद घेऊन मी डहाणूला आले. कार्तिक चालू होता. बांबूंच्या वलांडीवर बोंबील दाटीने लटकलेले, आई त्यांच्याखालून कावळे हाकलत फिरत होती. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "एक सहीच तं हाय. करून टाक नं."

"खोटं आहे ते आई."

"नोकरी खरी हाय का नाय? मंग?"

तिचं चुकत नव्हतं. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार पहिल्यांदा माझाच आला होता, आणि वादळाच्या दिवसांत बोटी किनाऱ्याला ओढून ठेवल्या की त्या पगाराची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळायची. मी चिडून वलांडीखाली गेले आणि उगाच पडलेले बोंबील उचलत बसले.

बाबांनी कागदाला हातही लावला नाही. बाबा तांडेल होते, बोटीचे प्रमुख. गुडघे गेल्यापासून समुद्रावर जात नाहीत, पण किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बोटीला शहाणपण शिकवतात. त्यांच्या शेवटच्या वर्षांत बोटीवर जीपीएस आला होता. तो त्यांना आवडायचा, पोराटोरांना कौतुकाने दाखवायचे. पण एकदा भर समुद्रात तो बिघडला आणि त्यांची बोट घोलवडच्या चिकूच्या वाडीत उभी असल्याचं दाखवू लागला. तेव्हापासून हा किस्सा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागतो. तसं पाहिलं तर जीपीएस असो वा नसो, त्यांची रीत एकच होती. पाण्यातून महालक्ष्मीच्या गडाचा सुळका बघायचा, वीज केंद्राची चिमणी बघायची, दोन्ही एका रेषेत कुठे येतात ते धरायचं. मगच जाळं.

"त्याचा ऐकायचा," ते म्हणायचे, "पन डोंगराला विचारल्याबिगर जाळा टाकायचा नाय."

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणूनच एक गोष्ट मला त्यांना सांगता येत नव्हती, आणि ती मी अहवालातही लिहिली नव्हती.

घरी बसून तीन आठवडे झाले. कागद कपाटात, सही नाही, आणि पुढे काय करायचं तेही सुचत नाही. शेवटी मी स्कूटर काढली आणि तलासरीला गेले. आमच्या केंद्रातले एक निवृत्त तंत्रज्ञ तिथल्या एका पाड्यावर राहतात. घरची भाताची आणि नाचणीची शेती. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी आमच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रांची देखभाल केली. आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि ते आम्हा कालच्या पोरींनाही मॅडम म्हणायचे, त्यात अर्धा आदर आणि अर्धी थट्टा. चारोटीला महामार्गावर चहा प्यायले आणि ट्रकांच्या रांगेतून उत्तरेला निघाले. तासाभरात त्यांच्या खळ्यावर पोचले.

काका भात झोडत होते. मला पाहून थांबले नाहीत. "बसा मॅडम. एवढा भारा झोडतो." मी बसले. त्यांच्या घरातून कोरा चहा आला. भारा संपला, मग घाम पुसून ते समोर टेकले आणि मी अहवालापासून रजेपर्यंत सगळं सांगितलं.

त्यांनी मधे एकच गोष्ट विचारली. "बोलण्याची टेप ऐकली का कोणी?"

"नाही. पडद्याचंच रेकॉर्डिंग दाखवतात."

"मग ते काय दाखवणार! आवाजाचं मशीन वेगळं आहे मॅडम. तुम्ही आन् पायलट जे बोलता ते जसंच्या तसं राहतं. पडद्याच्या कॉम्प्युटरचा हात तिथं पोचत नाय." मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, "पण तीस दिवस. त्याच्यानंतर त्याच्यावर नवीन चढतं. कोणी लेखी अर्ज दिला तर तेवढा भाग काढून सील करावा लागतो, नियमच आहे. आज कितवा दिवस?"

मी मोजलं. सव्विसावा.

"आन् रजा किती दिली म्हणालात?"

"महिना," मी म्हटलं. दोघांनाही कळलं होतं. काका हसले, पण हसण्यात राग होता. "रजा देणाऱ्याला मोजता येतं. साहेब लोक हुशार असतात."

माझं टाळकं फिरलं. माझ्या तब्येतीची काळजी! मी परत येईपर्यंत टेप पुसलेली असणार, आणि मग जन्मभर मी दृष्टिभ्रमवाली बाई म्हणून मिरवणार. मी उठले. "आजच अर्ज लिहिते."

"लिहा. पण मॅडम, एक आहे." काकांनी पेंढ्याची काडी तोडत माझ्याकडे पाहिलं. "टेपवर सगळंच असतं. तुमचंपण."

तेवढं म्हणून ते पुढचा भारा उचलायला गेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण आयुष्यभर लोकांच्या टेपा ऐकलेला माणूस, प्रत्येकाच्या टेपेत काहीतरी असतंच हे त्याला पक्कं माहीत असणार.

आता ती गोष्ट सांगते. मी त्या विमानाला उतरायला सांगितलं, त्याच्या आधी त्याच्या वैमानिकाने माझ्याशी पहिला संपर्क केला होता. तेव्हा त्याने आपली उंची स्वतःच्या तोंडाने सांगितली होती, छत्तीस हजार. माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे चौतीस होतं. अशा वेळी थांबायचं असतं. पुन्हा विचारायचं असतं. ते आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मी काय केलं? पडदा वाचला आणि त्याला ऐकवलं, "दिसलात, चौतीस हजार," आणि पुढच्याच वाक्यात त्याला खाली उतरवलं. माणूस छत्तीस म्हणत होता, आणि मी त्याला चौतीस म्हणून गप्प केलं. त्यानेही ते सोडून दिलं. खाली जायची परवानगी मिळाली होती, बिचारा कशाला वाद घालेल.

लेबलं उलटी करणं यंत्राचं काम. पण कानाला ऐकू आलेलं खोटं धरलं ते मी. आणि अहवाल लिहिताना ते वाक्य मी गाळलं. विसरले नव्हते. गाळलं. दुसऱ्याने लपवलं म्हणून बोंब मारत फिरत होते, आणि स्वतः ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात सगळे हिशेब करून पाहिले. टेप पुसली जाऊ द्यायची, सही करायची, नोकरी शाबूत. टेप मागितली तर लेबलं उलटी झाली होती हे सिद्ध होईल, कारण ते चौतीस मी आवाजात वाचून दाखवलं होतं. पडद्यावर चौतीस नसतं तर मी ते वाचलं कुठून? म्हणजे पुरावा होता. एकच पुरावा होता. आणि तो म्हणजे माझीच चूक, माझ्याच आवाजात.

घरी न जाता मी सरळ किनाऱ्यावर गेले. बाबा जाळ्यात सुई घालत बसले होते. मी वाळूत बसून त्यांना सांगितलं. सुई थांबली.

"तो छत्तीस बोलला?"

"हो."

"तुना ऐकू आला?"

"आला. पण पडद्यावर चौतीस होतं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, होतं असं. ते म्हणाले नाहीत. माझ्या बापाने मला आयुष्यात कधी मारलं नाही. त्या दिवशी ती नजर झेलण्यापेक्षा मार परवडला असता. मग त्यांनी पुन्हा सुई घातली आणि खाली बघत विचारलं, "ती मशीन आजून चालू हाय?"

"आहे. आणि दुसऱ्या ठिकाणीपण बसवणार आहेत."

"मंग हितं काय करतेस?"

मी उठले. मला राग आला होता, साहेबांचा, यंत्राचा, बाबांचा, सगळ्यात जास्त माझा. राग ही वाईट गोष्ट आहे असं सांगणाऱ्यांना कधी रागाची गरज पडली नसावी. त्या रागातच मी आईच्या तराजूशेजारी बसून अर्ज लिहिला. अमुक वेळेची आवाजाची नोंद सील करावी. डहाणूच्या पोस्टातून रजिस्टर केला, आणि पोस्टावर भरवसा न ठेवता दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्याची प्रत केंद्राच्या आवक-जावक खिडकीत दिली, पोचेवर शिक्का मारून घेतला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, साहेबांना विचारते. मी म्हटलं, शिक्का मारायला साहेब लागत नाहीत, शाई लागते. आई त्या दिवसापासून माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. विमानं हाकायची माझी परवानगी काढून घेतली गेली. सात महिने मी विद्यार्थिनीसारखी दुसऱ्याच्या शेजारी बसले, माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलीच्या, आणि वैमानिकाने उच्चारलेला प्रत्येक आकडा तिच्यासमोर मोठ्याने म्हणून दाखवला. त्याची मला लाज वाटली नाही. ते मला मिळायलाच हवं होतं. प्रणाली काढली गेली, दुरुस्त होऊन आली, आणि तोवर ती दुसरीकडे कुठेही बसली नाही. पण हे सगळं एका कागदावर ठरलं, आणि तो कागद मला सहजासहजी कुणी दिला नाही.

टेप ऐकायला आम्ही पाचजण, मी, साहेब आणि चौकशीला नेमलेले तिघे, एका लहान खोलीत बसलो. यंत्र सुरू झालं. वैमानिकाचा आवाज आला, छत्तीस हजार. मग माझा आवाज आला, ताठ, सराईत, जरा घाईचा. दिसलात, चौतीस हजार.

साहेबांचा चेहरा खुलला, मी तो पाहिला. इतके दिवस त्यांना जे हवं होतं ते मीच ताटात वाढून आणलं होतं. त्यांनी टेप पुन्हा लावली, पुन्हा ऐकली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे मॅडम, चूक तुमचीच निघाली."

"हो," मी म्हटलं. "माझी चूक आहे. अहवालात मी ती लपवली, तीही माझी चूक. लिहा."

त्यांनी लगेच कागद ओढला. नियंत्रकाने वैमानिकाच्या शब्दांकडे दुर्लक्ष केले. एका वाक्यात प्रकरण संपवून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"आणि चौतीस?" मी विचारलं.

"काय चौतीस?"

"विमान छत्तीसवर होतं. तुमचं रेकॉर्डिंगही आता छत्तीसच दाखवतं. मग मी चौतीस वाचलं कशावरून? भिंतीवरून?"

एकाने कागदपत्रं नीट करायला घेतली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, तुमची चूक नोंदवली की पुरे, प्रणालीचा विषय वेगळ्या समितीकडे जाईल. वेगळी समिती! मला ते गोड शब्द पाठ झाले होते.

मी त्यांचा कागद घेतला आणि बाजूला ठेवला. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं: वैमानिक छत्तीस म्हणाला. मी ऐकले आणि मानले नाही. ही चूक माझी. खाली सही केली, नाव लिहिलं. सहीच्या वर दोन बोटं जागा मोकळी सोडली होती. तो कागद फिरवून साहेबांच्या समोर ठेवला, आणि माझं पेन त्यावर.

"माझी ओळ लिहून झाली," मी म्हटलं. "आता तुमची लिहा. पडद्यावर चौतीस होतं, एवढंच. तुम्ही लिहीपर्यंत मी इथून उठणार नाही."

साहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी टेबलाकडे. मी खुर्ची पुढे ओढली आणि बसून राहिले. मग त्यांनी पेन उचललं.